चढताना धरणारं, उतरताना सोडणारं

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पाटस सोडून रोटी घाटाला लागते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आखाला वंगण हवंच, नाहीतर चाक जड जातं. पण चढावर दम घ्यायला थांबलेली गाडी त्याच वंगणामुळे मागे सरते, म्हणून चाकामागे दगड लावणारा माणूसही लागतो. स्की पायाला बांधून बर्फाचा डोंगर चढणाऱ्यांचा पेच नेमका हाच. उतरायला तळ गुळगुळीत हवा, चढायला त्याने धरलं पाहिजे.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे केसाळ कातडं. केसांचा कल मागे ठेवायचा. पुढे सरकताना केस आडवे पडतात, मागे घसरू लागलं की बर्फात रुततात. अल्ताई पर्वतात घोड्याचं कातडं तळाला कायमचं ठोकलेल्या लाकडी स्की अजून वापरात आहेत. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने 1888 मध्ये ग्रीनलंड पार केलं, तेव्हा त्याच्या काही स्कींच्या तळाला एल्क हरणाचं कातडं होतं. यात देखभाल कमी, पण उताराची मजाही कमी, कारण केस उतरतानाही थोडं ओढतातच.

आल्प्सच्या गिर्यारोहकांनी मग सीलचं कातडं पट्ट्यांनी बांधायला घेतलं. शिखरावर पोचलं की सोडायचं. पट्ट्यांखाली बर्फ शिरायचा, कातडं सरकायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा चिकटणारा गोंद आला आणि पट्टे गेले. सीलच्या जागी अंगोरा बकरीची लोकर, म्हणजे मोहेर, आणि नायलॉन आलं. मोहेर चांगलं सरकतं, नायलॉन जास्त टिकतं. बरेचजण दोन्हींचं मिश्रण घेतात. सोय झाली खरी, पण पूर्वी कातडं जपावं लागे, आता गोंद जपावा लागतो. त्याला कुत्र्याचे केस, पाइनची सुई, ओलावा, काहीच चालत नाही. थंडीने तो धरेनासा होतो, म्हणून अनुभवी माणूस काढलेली मोहेर-नायलॉनची पट्टी सॅकमध्ये न कोंबता जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवतो. मुक्कामावर शेगडीच्या अगदी जवळ ती वाळवायची नाही. गोंद पातळ होऊन स्कीच्या तळाला लागतो आणि तो काढणं हे कंटाळवाणं काम आहे.

स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचीही तीच गत. आधी पाइनचं डांबर होतं. 1946 मध्ये स्विक्स कंपनीची रंगांनुसार ओळखायची मेणं आली; बर्फाच्या तापमानाप्रमाणे कांडी निवडायची. नंतर आलेलं फ्लोरिनयुक्त मेण विलक्षण सरकायचं, पण ती रसायनं मातीपाण्यात विघटित होत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदी आणली. माझ्या मते ती उशिराच आली. डोंगरात भटकणाऱ्याला साधं हायड्रोकार्बन मेण पुरतं. ते इस्त्रीने लावायचं, थंड झाल्यावर खरवडायचं, ब्रश मारायचा. खरवडण्यात आळस केला तर उरलेलं मेण गोंदात जातं आणि पट्टी चढावरच सुटते. लवेवर बर्फाचे गोळे धरू लागले तर तिथे मात्र मेण चोळायचं. केसांच्या बाजूला, गोंदाच्या नव्हे.

काश्मीरमधल्या गुलमर्गचा गोंडोला 2005 पासून अफरवात शिखराच्या खांद्यापर्यंत नेतो, त्यामुळे तिथे शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना चढाईच्या पट्ट्यांची गरज उशिरा कळते. ज्यांना कळते, त्यांच्यापुढे युरोपातल्या पुस्तकांत नसलेला प्रश्न उभा राहतो: दौंड-पाटसकडचा एप्रिल-मे. पत्र्याखालच्या माळ्यावर गोंद वितळतो. पट्टीच्या चिकट बाजूला सोबत आलेला कागद किंवा जाळी लावून ती घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवावी. हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. फक्त बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. स्कीच्या पोलादी कडा पुसून कोरड्या कराव्यात, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो तसाच राहू द्यावा. तो डिसेंबरात निघण्याआधी खरवडायचा.