फिलाडेल्फियाचे पत्र : नदीपलीकडचा कागद

गोंदियाकडच्या मंडळींचा समज असा, की अमेरिकेतला नोटरी म्हणजे मोठा वकील आणि त्याच्या शिक्क्याला देशभर मान. तसे नाही. इथे बँकेतली कारकून बाईही नोटरी असते. ती ओळखपत्र बघते, आपल्यादेखत सही घेते, वहीत नोंदवते आणि शिक्का मारते. कागदातल्या मजकुराशी तिला देणेघेणे नाही. तिचा अधिकारही पेनसिल्व्हेनियापुरताच. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली की तिला शिक्का मारता येत नाही. पण तिने इकडे शिक्का मारलेला कागद तिकडे चालतो, कारण परराज्यातल्या नोटरीचे काम मान्य करावे असे न्यू जर्सीच्या कायद्यातच लिहिले आहे. नोटरीचे कायदे राज्यागणिक वेगळे, तरी कागद अडत नाही.

आपल्याकडे १९५२ चा नोटरी कायदा देशभर एकच, आणि कागद मात्र बाघ नदीवर अडला.

१९५६ पर्यंत गोंदिया आणि या नदीपलीकडचे बालाघाट एकाच राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, सोयरिकी सुटल्या नाहीत. मुलगी तिकडे, माहेरची धानाची बांधी इकडे, हे घरोघरचे. माझी मावसबहीणही बालाघाटची. गुडघे धरलेले. वाटणीपत्रावर घरीच सही करून, नोंदणीला हजर राहून कबुलीजबाब द्यायला तिने भावाला मुखत्यारपत्र दिले, तिथल्या नोटरीसमोर केलेले. निबंधक कार्यालयाने ते परत केले, आणि कायद्याने ते बरोबरच होते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम ३३ सांगते, की देशात राहणाऱ्याचे असे मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या निबंधकासमोरच व्हावे लागते. गोंदियाच्या नोटरीचेही चालले नसते. नोटरी चालतो तो परदेशी राहणाऱ्याला. म्हणजे माझ्यासारख्याला, ज्याने ती बांधी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही! मला वर अपोस्टीलचे सरकारी प्रमाणपत्र घ्यावे लागेल आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागेल, एवढेच.

नोटरी कायदा होण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधीचे हे कलम आता तरी बदला. ओळख पटवून सही घेणे हेच जर काम, तर दहा वर्षे वकिली केलेल्या आपल्या नोटरीवर इथल्या बँकेच्या कारकुनाइतका विश्वास टाकायला काय हरकत आहे?

राग याचाही येतो, की आजारी माणसाच्या घरी निबंधकाने जाण्याची तरतूद त्याच कलमात आहे आणि फी घेणाऱ्या कुणी ती ताईला सांगितली नाही. आता तिने बालाघाटलाच अर्ज केलाय. डॉक्टरांचा दाखला जोड, असे मी फोनवर बजावले आहे.