भीड, भरवसा आणि ठेकेदार

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने रचली, त्याला राहत्या घराची दुरुस्ती कधी करावी लागली नसावी. नवे घर बांधताना निदान आपण दुसरीकडे राहत असतो. दुरुस्तीत मात्र गॅसची शेगडी बेडरूममध्ये, देव कपाटात, पुस्तके चादरीखाली आणि सकाळपासून ठेकेदाराची माणसे स्वयंपाकघरात. अशा वेळी ज्याच्या हाती घराची किल्ली द्यायची तो माणूस भरवशाचा हवा, हे कुणी सांगायला नको. प्रश्न एवढाच, की भरवसा ओळखायचा कशावरून?

आपण तो बहुधा ओळखीपाळखीवरून ठरवतो. मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाचे तरी काम केलेला गृहस्थ येतो, चहा होतो. ‘काका, पैशाचं काय घेऊन बसलात, घरचंच काम आहे,’ असे तो म्हणतो आणि तेवढ्या शब्दावर निम्मी रक्कम त्याच्या हाती पडते. पुढे बाथरूमचा उतार जाळीकडे न जाता दाराकडे गेला, तरी बोलायचे कसे? मेहुण्याला काय वाटेल? भीड ही भिकेची बहीण, हे वचन अशा वेळी आठवते. पण तोवर पैसे गेलेले असतात.

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली. बांधकाम चालू असलेल्या घराला बँक मंजूर कर्जाची सारी रक्कम एकदम देत नाही. जोते झाले की इतके, स्लॅब पडला की इतके, गिलावा झाला की इतके. कर्जदार त्यात अपमान मानत नाही. मग तीच रीत आपण घरी का पाळू नये? माल आणण्यापुरती उचल द्यावी, पुढे काम होईल तसे हप्ते द्यावेत आणि शेवटचा हप्ता बारीकसारीक राहिलेले उरकल्यावर. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत, रोख दिले तर पावती घ्यावी. खळखळ न करता जो याला तयार होतो, तो निम्म्या परीक्षेत तिथेच उतरला.

उरलेली निम्मी परीक्षा त्याच्या एस्टिमेटमध्ये होते. ‘बाथरूम, इतके हजार’ या एका ओळीला एस्टिमेट म्हणत नाहीत. जुन्या टाइल्स काढणे, राडारोडा वाहून नेणे, वॉटरप्रूफिंग, पाइप, नव्या टाइल्स कोणत्या आणि किती चौरस फूट, हे वेगवेगळे लिहिलेले हवे. दर नुसत्या मजुरीचा की मालासकट? गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा होणार का? तिघांकडून दर मागवायचे तर याच यादीवर मागवावेत. म्हणजे जो फार स्वस्त वाटतो, त्याने काय गाळले आहे ते दिसते.

त्याचे आधीचे काम पाहायला जावे, तेही कालचे नव्हे, दोन पावसाळे काढलेले. तिथल्या गृहिणीला एकच विचारावे : नंतर गळती निघाली, तेव्हा बोलावल्यावर तो आला का?

चांगला ठेकेदार काही गोष्टी आपणहून सांगतो. पाइप भिंतीत गाडण्याआधी दाब देऊन तपासू. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवू आणि खालच्या शेजाऱ्यांचे छत पाहू. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारावे लागेल, घाई करू नका. आणि मुख्य म्हणजे, तो ‘नाही’ म्हणतो. हॉल मोठा करण्याच्या हौसेपोटी आपण खांबाकडे बोट दाखवले, तर ‘इंजिनियरला दाखवा, सोसायटीचे पत्र आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही’ असे सांगणारा माणूस सोडू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची ‘साईदर्शन’ इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावरच्या दुरुस्तीत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. सगळ्याला ‘हो’ म्हणणारा ठेकेदार किती महागात पडू शकतो, याचा विचार त्या बातमीने मनात आणून दिला.

भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो, हेही विसरू नये. टाइल्स बसल्यावर रंग बदलायचा आणि वाढीव खर्च नाकारायचा, ठरलेला हप्ता ‘पुढच्या आठवड्यात’वर ढकलायचा, हे आपल्यातही चालते. त्याला मजुरांचे पैसे वेळेवर द्यायचे असतात. मध्येच काही बदलले तर त्याची किंमत त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे जाता येते. पण तिथेही बाजू मांडताना हीच वही कामी येते.

लिहून मागणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत आपण सोडायला हवी. जे बोलायला भीड वाटते, ते कागद आपल्या वतीने बोलतो. हिशेब चोख असला, की काम संपल्यावर सत्यनारायणाला मेहुण्यालाही बोलावता येते आणि ठेकेदारालाही.