बालकांमधील हिपॅटायटिस बी उपचारकाळातील यकृत विकरांचे बदल

दीर्घकालीन हिपॅटायटिस बी झालेल्या बालकांवर औषधोपचार सुरू असताना त्यांच्या रक्तातील यकृत विकरांची पातळी कमी-अधिक होते. ही पातळी यकृतपेशींना होणारी इजा दर्शवते; मात्र इजेचे कारण केवळ तिच्यावरून ठरत नाही.

विषाणूचा पृष्ठ प्रतिजन रक्तात ६ महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास आजार दीर्घकालीन मानतात. जन्मसमयी मातेकडून संसर्ग झालेल्या सुमारे ९०% अर्भकांमध्ये तो दीर्घकालीन होतो; प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते.

विकर का वाढतात?

एएलटी (जुने नाव एसजीपीटी) आणि एएसटी (एसजीओटी) हे विकर यकृतपेशींमध्ये असतात. पेशींना इजा झाल्यास ते रक्तात उतरतात. एएसटी स्नायूंमध्येही असल्यामुळे यकृतासाठी एएलटी अधिक सूचक ठरते. ही इजा मुख्यतः विषाणूमुळे नव्हे, तर बाधित पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारयंत्रणेमुळे होते. म्हणूनच अनेक बालकांमध्ये विषाणूंची संख्या प्रचंड असूनही एएलटी सामान्य असते. या अवस्थेस प्रतिकारसहिष्णू अवस्था म्हणतात. तिच्यात सहसा औषधे न देता नियमित तपासणी केली जाते.

उपचारकाळातील बदल

इंटरफेरॉन प्रतिकारयंत्रणेस चालना देते. त्यामुळे उपचारादरम्यान एएलटी तात्पुरती वाढू शकते. अशा वाढीनंतर काही बालकांमध्ये ई प्रतिजन नाहीसा होतो, म्हणजेच ती वाढ अनुकूल प्रतिसादाचे लक्षण असू शकते. एन्टेकाव्हिर व टेनोफोव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात आणि एएलटी साधारणतः हळूहळू उतरते. ती सामान्य झाली तरी विषाणूचा जनुकीय साठा यकृतपेशींच्या केंद्रकात शिल्लक राहू शकतो. लॅमिव्हुडिनसारख्या औषधाला विषाणू दाद देईनासा झाल्यास आधी विषाणूंची संख्या आणि नंतर एएलटी पुन्हा वाढते. औषधाच्या मात्रा चुकल्यासही असेच घडू शकते.

धोक्याची चिन्हे

एएलटीबरोबर बिलिरुबिन वाढणे किंवा रक्त गोठण्यास अधिक वेळ लागणे हे यकृताचे कार्य ढासळत असल्याचे लक्षण असू शकते. वैद्यकीय सल्ल्याविना औषध अचानक बंद केल्यास विषाणू पुन्हा सक्रिय होऊन यकृतदाह तीव्र होऊ शकतो. त्यामुळे विकरांसोबत विषाणूंची संख्या, ई प्रतिजन व बिलिरुबिन यांची तपासणी केली जाते आणि उपचार थांबवल्यानंतरही ती काही काळ सुरू ठेवली जाते.