भाताच्या रोपावस्थेतील शीतसहनशीलता आणि वाणनिर्मिती

भात हे मूलतः उष्ण कटिबंधातील पीक असल्याने रोपावस्थेतील थंडी त्यास सोसत नाही. बांगलादेश व पूर्व भारतातील बोरो हंगामात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोपवाटिका टाकली जाते. तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की रोपे पिवळी पडतात, कित्येकदा मरतात. पुन्हा बियाणे टाकणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही आणि लावणीही लांबते.

जॅपोनिका गटातील वाण सामान्यतः इंडिकापेक्षा अधिक शीतसहनशील असतात. अंडाया व मॅकिल यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एम-२०२ (जॅपोनिका) व आयआर-५० (इंडिका) यांच्या संकरसंततीचा अभ्यास केला, तेव्हा बाराव्या गुणसूत्राचा एक भाग या गुणधर्मास मोठ्या प्रमाणात कारणीभूत आढळला. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘कोल्ड-१’ हे जनुक प्रकाशात आणले. त्याच्या प्रथिनामुळे पेशीस थंडीची चाहूल लागून कॅल्शियमचा संकेत सुरू होतो.

जनुक सापडले म्हणजे वाण तयार झाला, असे मात्र नव्हे. जॅपोनिका-इंडिका संकरातील वंध्यत्व ही जुनीच अडचण आहे. म्हणून इंडिका वाणाशी वारंवार प्रतिसंकर करून, रेणवीय चिन्हकांच्या साहाय्याने हवा तेवढाच गुणसूत्रखंड राखावा लागतो. शिवाय रोपावस्थेत तगलेला वाण फुलोऱ्यातील थंडीतही तगेलच असे नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते.