टायबेरियसचे सोन्याचे नाणे कसे वाचावे

रोमचा सम्राट टायबेरियस इ.स. १४ ते ३७ या काळात गादीवर होता. त्याच्या सोन्याच्या नाण्याचा, म्हणजे ऑरियसचा, एक नमुना दक्षिण भारतात पुन्हा पुन्हा सापडतो. रोमन नाणी वाचायला शिकायचे तर सुरुवात याच्यापासून करावी.

वजन साधारण ७.७ ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका ऑरियसचे चांदीचे २५ दिनार होत. नाणी पाडायचे काम हाताचे. एक ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर सोन्याची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरून घणाचा घाव घालायचा. त्यामुळे चित्र थोडे सरकलेले किंवा एखादे अक्षर कडेला कापले गेलेले दिसले, तरी नाणे बनावट समजू नये.

पुढच्या बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले सम्राटाचे मस्तक आहे. भोवतीची अक्षरे सावकाश सोडवावीत, कारण खरा मजकूर तिथे आहे. ‘टीआय’ म्हणजे टायबेरियस. पुढे ‘सीझर’. मग ‘दिवी ऑग एफ’, म्हणजे देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र. शेवटी ‘ऑगस्टस’, ही त्याची स्वतःची पदवी. टायबेरियस ऑगस्टसच्या पोटचा नव्हता, दत्तक होता. गादीवरचा त्याचा हक्क त्या नात्यावरच उभा होता, म्हणून ते नाते सोन्यावर कोरले गेले.

मागच्या बाजूला ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, ही पदवी आहे. आसनावर बसलेल्या स्त्रीच्या एका हातात राजदंड आणि दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी आहे. डहाळी शांततेची खूण. स्त्रीचे नाव मात्र कोरलेले नाही. कोणी तिला शांतिदेवता म्हणतात, कोणी सम्राटाची आई लिव्हिया. मला वाटते, पाहणाऱ्याला दोघीही आठवाव्यात अशीच ती योजना असावी.

भारतात या चित्रांपेक्षा सोन्याला मोल होते. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडले. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. नाणे चलनातून काढून नुसते सोने म्हणून वापरण्यासाठी तो घातला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

नाणे वितळले की हे सगळे वाचन संपते. शेतात किंवा पाया खणताना असे काही हाती लागले, तर ते सोनाराकडे नेऊ नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते बंधनकारकही आहे.