अंगावरून पांढरे जाणे : निदानाआधी औषध नको

कंबर दुखते, थकवा येतो, जेवण जात नाही, असे सगळे सांगून होते. रक्तदाब पाहून होतो, औषधांची चिठ्ठी हाती पडते. मग दाराशी गेलेली स्त्री मागे वळते, सोबतच्या सासूबाई बाहेर गेल्याची खात्री करून घेते आणि हलक्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, अंगावरून पांढरंही जातं." नवनगरातील मराठी घरांतून हे शब्द कानी येतात, कन्नडभाषक स्त्री याच तक्रारीला 'बिळी सेरगु' म्हणते. सेरगु म्हणजे पदर. नावे दोन असली तरी तक्रार पदराआड झाकून ठेवण्याची रीत एकच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की प्रत्येक पांढरे जाणे हा आजार नव्हे. पाळीच्या मध्यावर आणि गरोदरपणात स्राव वाढणे स्वाभाविक आहे. खाज, आग किंवा दुर्गंधी नसेल तर त्यास औषध लागत नाही, आणि त्यामुळे 'अंगातली ताकद जाते' या समजुतीला कोणताही आधार नाही.

आजार असतो तेव्हा त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे 'कँडिडा' नावाची बुरशी. ती काही बाहेरून आलेली पाहुणी नव्हे. पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात ती कोणताही त्रास न देता राहते. दही लावणाऱ्या जंतूंच्याच गोत्रातले 'लॅक्टोबॅसिलस' जंतू तिथे आम्ल तयार करून इतर जंतूंना आवर घालतात. घसा किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे हे राखणदार मारले जातात आणि बुरशीचे फावते. गर्भारपण, स्टेरॉइड औषधे, प्रतिकारशक्तीची उणीव ही आणखी कारणे. अलीकडे मधुमेहावर दिली जाणारी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधेही या यादीत आली आहेत. तीव्र खाज, लघवीच्या वेळी होणारी आग आणि दह्याच्या कवड्यांसारखा, बहुधा वास नसलेला स्राव ही लक्षणे. सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात चारित्र्याचा प्रश्न कुठेच येत नाही आणि पतीला तक्रार नसेल तर त्याला औषध देण्याचीही सहसा गरज नसते.

मात्र सारखीच तक्रार निरनिराळ्या कारणांनी होते, ही यातली खरी मेख आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. बुरशीचा संसर्ग सुमारे एक तृतीयांश स्त्रियांत आढळला आणि जिवाणूंमुळे होणारा योनिदाह त्याहूनही अधिक. त्या खेड्यांत डॉक्टर दूर होता. आपल्या जुळ्या शहरांत तो हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याहून जवळ औषधांचे दुकान आहे!

काही वर्षांपूर्वी आलेल्या एका मध्यमवयीन बाईंनी खाजेसाठी दुकानातून आणलेले मलम वर्षभर लावले होते. त्यात बुरशीवरील औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइडही होते. चार दिवस बरे वाटे, मलम थांबवले की पुन्हा खाज. त्वचा पातळ होऊन तिला चिरा पडल्या होत्या. 'पिशवी काढून टाका' असा सल्लाही त्यांना कोणी दिला होता. वास्तविक गर्भाशयाचा येथे काहीच संबंध नव्हता. स्रावाची आम्लता पाहणारी कागदी पट्टी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली काच, एवढ्याने बुरशी दिसली. तरीही वर्षभरात तक्रार वारंवार का उलटावी? म्हणून रक्तातील साखर तपासली. ती बरीच वाढलेली निघाली. मधुमेहाची त्यांना कल्पनाही नव्हती.

साध्या संसर्गावर क्लोट्रिमाझोलची ५०० मिलिग्रॅमची योनीत ठेवावयाची एकच गोळी किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची तोंडाने घ्यावयाची एक मात्रा बहुधा पुरते. गरोदर स्त्रीने फ्लुकोनाझोल घेऊ नये; तिला क्लोट्रिमाझोल सात दिवस द्यावे लागते. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाल्यास, सुरुवातीच्या उपचारानंतर आठवड्यातून एक मात्रा सहा महिने देतात. तरीही न हटणारी बुरशी निराळ्या जातीची असू शकते. तिथे कल्चर करून औषध बदलावे लागते. जंतुनाशक द्रवाने योनिमार्ग आतून धुण्याची सवय राखणदार जंतूंना मारते, ती सोडावी. सुती अंतर्वस्त्रे वापरावीत, ओली लगेच बदलावीत. दही खुशाल खावे, ते औषध मात्र नव्हे. ताप, ओटीपोटात दुखणे, रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, पाळी थांबल्यानंतर सुरू झालेला स्राव यांपैकी काहीही असल्यास दुकानात न जाता डॉक्टरांकडेच यावे.

त्या बाईंचे मलम बंद केले, बुरशीवर सहा महिने उपचार झाले, साखर आटोक्यात आली. पुढे एकदा त्या आपल्या धाकट्या जावेला घेऊन आल्या. जाऊबाई खुर्चीवर टेकल्याबरोबर म्हणाल्या, "मला पांढरं जातंय, खाजही आहे. आधी तपासा, मग गोळ्या द्या."