आधी आधार, मग ताण

पावसाळी ट्रेकमध्ये भीती कड्याची वाटते, पण पाय मुरगळतो तो साध्या उतारावरच्या निसरड्या दगडावर. पाऊल आत वळतं, सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो आणि तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, ताणलं जातं किंवा थोडं फाटतं. मग सूज, क्रेप बँडेज, पायाखाली उशी. सूज ओसरू लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, महिनाभर पाय हलवू नकोस. दुसरा म्हणतो, चालायला लाग, आपोआप मोकळा होईल.

हा वाद वैद्यकातही होऊन गेला आहे. १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार उपाय एका सूत्रात बांधले. ते जगभर पाठ झालं. पुढे २०१४ मध्ये मर्किन यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं व्हायला उशीरही होऊ शकतो.

कारण शरीराच्या दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. पहिले काही दिवस सुजेचे. पुढचे काही आठवडे जखमेत कोलॅजेनचे नवे धागे भरले जातात, पण ते सुताच्या गुंत्यासारखे वाटेल तसे पडलेले असतात. पायावर बेताचा भार येऊ लागला की त्या भाराच्या दिशेने ते रांगेत येतात, बळकट होतात. हे काम कित्येक महिने चालतं. भार मुळीच नसेल तर गुंता तसाच राहतो, अति झाला तर कोवळे धागे तुटतात. म्हणजे ताण हवाच. तो नेमका मोजून देता यावा, यासाठी आधार लागतो.

आधाराचा हा विचार योगासनांत फार बारकाईने झाला तो पुण्यात. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये इथे शिकवायला आले, तेव्हा त्यांनी स्वतः लहानपणीचा मलेरिया, विषमज्वर आणि क्षय सोसलेला होता. आजारी, वयस्क, जायबंदी माणसालाही आसन साधावं म्हणून त्यांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड, ब्लँकेटं वर्गात आणली. हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर हाताखाली वीट ठेवायची. आसन तेच, फक्त शरीरावरचा भार आटोक्यात.

बागेत असं साहित्य आयतं मिळतं: बाक, कट्टा, रेलिंग, झाडाचा बुंधा. बिनआधाराने सरळ चालता येऊ लागलं की पाच-दहा मिनिटं सपाट वाटेवर सावकाश फिरून सुरुवात करावी, कारण गारठलेला स्नायू सहज ताणला जात नाही. मग बुंध्यावर दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा सरळ असेल तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, किंचित वाकवला की त्याखालचा. मुरगळल्यानंतर पंजा वर वळणं कमी झालेलं असतं, ते इथे परत मिळतं. झटके मात्र देऊ नयेत. झटका बसला की स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी उलट आखडतो. वीस-तीस सेकंद, श्वास चालू ठेवून, स्थिर थांबणं पुरे.

अधोमुख श्वानासन जमिनीऐवजी बाकाच्या पाठीवर हात ठेवून केलं तर पाठ आणि मांडीची मागची बाजू मोकळी होते, घोट्याला मात्र फार वाकावं लागत नाही.

सगळ्यात मोलाचं वृक्षासन, तेही झाडाशेजारी. लिगामेंटमधल्या चेतातंतूंकडून सांधा कुठे, किती वळलाय याची खबर मेंदूला जाते. दुखापतीत ती मंदावते, म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीला टेकलेला, तळहात बुंध्यावर. जमू लागलं की तळहाताऐवजी एक बोट. मग पाऊल उचलून पोटरीला लावायचं. जमीनही अशीच बदलायची: आधी फरशी, मग हिरवळ, शेवटी मुरमाची वाट. घरातली सपाट लादी हा शेवटचा धडा देऊ शकत नाही. शेवाळलेली फरशी मात्र टाळावी.

सुरुवातीचे काही आठवडे वज्रासन आणि वीरासन नको, कारण पाऊल मागे ताणलं की जखमी लिगामेंटच खेचलं जातं. जमिनीवर मांडी घालतानाही घोट्याची बाहेरची कड दाबली जाते. त्यापेक्षा बाकावर बसावं.

मोकळ्या हवेचा आणखी एक लाभ आहे. संशोधक रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण होते अवघे ४६, आणि झाड पाहून लिगामेंट जुळत नाही हेही खरं. पण घरात एकटं बसलं की सगळं लक्ष घोट्यावर. बागेत बुलबुल असतात, हास्यक्लबाचा गडगडाट असतो, चौकशी करणारे आजोबा असतात. रोजचा कंटाळवाणा व्यायाम तिथे टिकतो.

भार बेताचा होता की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. सूज किंवा लंगडणं वाढलं असेल तर ताण कमी करावा. पहिल्याच दिवशी चार पावलंही टाकता आली नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रेशिवाय यातलं काहीही करू नये. बाकीच्यांनीही हा क्रम एकदा फिजिओथेरपिस्टला करून दाखवावा. कुठला आधार कधी सोडायचा, हे पाय तपासून नेमकं सांगता येतं.